मेलबर्नला निघताय? बिडाचा तवा घ्याच

ताई, वेंगुर्ल्याहून मेलबर्नला येताना स्वयंपाकघरातलं काय आणावं आणि मुलं घरच्या चवीला दुरावतील का, असं तुम्ही विचारलंत. मी आचऱ्याचा, दोन मुलांना इथेच वाढवलं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, बिडाचा तवा. सपाट बुडाचा घ्या, म्हणजे इंडक्शनवरही चालेल. घावणे-आंबोळ्यांसाठी तो लागतोच, पण आमच्या घरी शनिवारचं स्टेकही, म्हणजे मांसाचा जाड भाजलेला तुकडा, त्याच्यावरच होतं. बीड ताप धरून ठेवतं, गार मांस टाकलं तरी तवा निवत नाही.

स्टेक शिकाच, आणि मुलांना सोबत घेऊन शिका. बीफ खात नसाल तर लॅम्बच्या मांडीचे घ्या, इथे ते चांगले मिळतात. बोटभर जाडीचा तुकडा कागदाने खडखडीत पुसायचा. ओला राहिला तर आधी पाणी उडण्यातच ताप जातो आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. मीठ एक तर तासभर आधी लावा, नाही तर टाकायच्या क्षणी. मधल्या वेळात ते नुसतं पाणी सोडायला लावतं. तवा धुरावला की टाका आणि बाजू बदलत भाजा. स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या, धाकट्याला तोच वाचायला द्या: आत ५५ अंश म्हणजे मधे गुलाबी, ७० म्हणजे पूर्ण शिजलेलं. उतरवल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवा आणि धाग्याला आडवं कापा. सासूबाई आल्या आणि ताटात लाल पाणी बघून दचकल्या, तर सांगा की ते रक्त नव्हे, मांसातल्या मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा रंग आहे. आमच्या आईला हे पटायला वेळ लागला, पण पटलं.

धूर होतो, तेव्हा एक्झॉस्ट आणि खिडकी उघडी ठेवा. अपार्टमेंट असेल तर कॉरिडॉरचं दार मात्र अजिबात उघडू नका. तिथला अलार्म बहुतेक ठिकाणी थेट अग्निशमन दलाकडे जातो आणि फुकटच्या फेरीचे पैसे तुमच्यावर येऊ शकतात.

चवीचं म्हणाल तर भाजलेल्या लॅम्बवर आगळाचे, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचे, चार थेंब आणि चिमूटभर मालवणी मसाला, सोबत सोलकढी. माझ्या मुलांसाठी हीच घरची चव आहे, आणि मला त्यात काही उणं वाटत नाही. गेल्या मे महिन्यात गावी थोरल्याने सुरमईची जाड तुकडी रव्याशिवाय, नुसत्या मीठ-आगळावर तशीच तव्यात भाजली. आजीने आधी नाक मुरडलं, मग दुसरी तुकडी स्वतःहून मागितली. इतकं चविष्ट जेवण मी क्वचितच जेवलो असेन.

सामानाबद्दल: मसाला, आमसुलं, काहीही खाण्याचं असलं की प्रवेशाच्या फॉर्मवर जाहीर करा. लपवलं तर दंड होतो, जाहीर केलेलं फार तर काढून घेतात. हापूस, ताजी फळं, पेरायचं बी आणू नका. इथले आंबे उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत येतात. त्याच दिवसांत पार्कातले विजेचे बार्बेक्यू फुकट वापरता येतात, बटण दाबलं की तापतात. जूनमध्ये पोचणार असाल तर ऐन थंडी असेल, तेव्हा ते नोव्हेंबरपर्यंत राहू द्या आणि तोवर तव्यावर हात बसवा.