दुसऱ्या नंबरचा कॅचर

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आहे. मुलगा सतरा वर्षांचा, शाळेच्या बेसबॉल संघात कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा. कॉलेजचे अर्ज भरायचे दिवस, आणि तो म्हणतो, "स्टार होण्याइतका मी चांगला नाही, मला माहीत आहे. पण बॅकअप कॅचरला कायम मागणी असते. तेवढं मला जमेल." वडिलांनी अबोला धरलाय. आई विचारते, "असं करिअर खरंच असतं, की ही अभ्यासातून पळवाट आहे?"

ताई, नमस्कार.

असतं. पण तुमच्या लेकाला वाटतं तसं नसतं. पहिला नंबर जमला नाही तर दुसरा घेऊ, असं तिथे कुणी ठरवत नाही. राखीव कॅचरसुद्धा एके काळी आपल्या गावातला सगळ्यांत भारी खेळाडू होता. राखीव कॅचर जेफ मॅथिस २००१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, पहिल्याच फेरीत निवडला गेला होता. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, तो १७ हंगाम टिकला, आणि त्याची फलंदाजीची सरासरी दोनशेच्याही खाली, म्हणजे शंभर प्रयत्नांत वीस हिटसुद्धा नाहीत. तरी संघ त्याला घेत राहिले ते ग्लव्ह आणि डोकं पाहून. ३० संघ आणि प्रत्येकी साधारण दोन कॅचर, म्हणजे उणीपुरी साठ माणसं. "कायम मागणी" ती एवढीच.

त्याला एरिक क्रात्झची गोष्ट जरूर सांगा. व्हर्जिनियातल्या ईस्टर्न मेनोनाइट या छोट्या कॉलेजातला हा मुलगा. २००२ मध्ये टोरांटोच्या संघाने त्याला २९ व्या फेरीत घेतलं. मेजर लीगचा पहिला सामना मिळाला २०१० मध्ये, तिसाव्या वर्षी. मधली आठ वर्षं मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायऱ्यांवरच्या लीगमध्ये, बसच्या प्रवासात गेली. (आता ड्राफ्टच्या फेऱ्याच २० उरल्यात. आजचा क्रात्झ निवडलाच गेला नसता.) पुढे नऊ संघांचे शर्ट त्याने घातले. संघाच्या यादीतून नाव काढलं की सात दिवसांत निकाल: दुसरा संघ उचलतो, नाहीतर परत खाली जायचं, नाहीतर घरी. बिऱ्हाड पाठीवर, हे इथे अक्षरशः खरं आहे.

आता पैशाचं सांगते. मायनर लीगच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर, ट्रिपल-ए मध्ये, २०२३ च्या करारानुसार वर्षाला ३५,८०० डॉलर, सगळ्यांत खाली १९,८००. मेजर लीगचा किमान पगार २०२५ मध्ये ७,६०,००० डॉलर होता, पण तो दिवसांच्या हिशेबाने मिळतो. तीन आठवडे वर राहिलात तर तीन आठवड्यांचा. वर एकूण ४३ दिवस भरले की पेन्शनचा हक्क लागतो. त्यामुळे या धंद्यातली माणसं हिट मोजतात त्याहून जास्त दिवस मोजतात.

कामाचं स्वरूप मात्र फार कमी लोकांना कळतं. आठवड्यातून एखाद-दुसरा सामना मिळतो, बहुतेकदा रात्रीच्या सामन्यानंतर लगेच दुपारी असलेला, कारण मुख्य कॅचरचे गुडघे तेव्हा थकलेले असतात. उरलेले दिवस बुलपेनमध्ये, म्हणजे सरावाच्या जागेत, पिचरचे (चेंडू टाकणाऱ्याचे) चेंडू घ्यायचे, समोरच्या फलंदाजांचा अभ्यास करायचा, आणि मार खाऊन परत आलेल्या बावीस वर्षांच्या पोराला भानावर आणायचं. तो पोरगा पुष्कळदा डोमिनिकन किंवा व्हेनेझुएलाचा असतो. २०२० मध्ये चाळिशीचा क्रात्झ न्यू यॉर्कच्या यांकीज संघाकडे होता. लॅटिन अमेरिकेतल्या तरुण पिचरांबद्दल बोलताना पत्रकारांसमोर त्याचा गळा दाटून आला होता. तो त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये बोलायचा. मला विचाराल तर त्याची खरी नोकरी ती होती.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. मुंबईचे चंद्रकांत पंडित आठवा. किरमाणी आणि किरण मोरे यांच्या काळात यष्टिरक्षक असलेला माणूस, वाट्याला आल्या पाच कसोटी. पण पुढे प्रशिक्षक म्हणून मुंबईला रणजी जिंकून दिलीच, विदर्भाला लागोपाठ दोनदा आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशलाही दिली. स्टंपमागे बसणाऱ्याला सगळा खेळ समोरून दिसतो. अमेरिकेतही तेच. ब्रूस बोची बहुतेक काळ राखीव कॅचर होता, मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) म्हणून चार वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अजिंक्यपदं, जिंकला. कॅचर स्टीफन व्होट २०२२ मध्ये निवृत्त झाला आणि २०२४ च्या हंगामापासून क्लीव्हलंडच्या संघाचा मॅनेजर झाला.

एक गोष्ट बदलतेय, ती मुलाला माहीत हवी. चेंडू हळूच आत ओढून अंपायरकडून स्ट्राइक (फलंदाजाविरुद्धचा निर्णय) मिळवायची कला, फ्रेमिंग, यावर गेली दहा-पंधरा वर्षं अशा कॅचरांचं पोट चाललं. २०२६ पासून मेजर लीगमध्ये अंपायरच्या अशा निर्णयावर यंत्राकडे दाद मागता येते, तेव्हा त्या कलेचा भाव थोडा उतरणारच. उलट दाद कधी मागायची हे ओळखणारा कॅचर महाग होईल.

आता माझं मत. कॉलेज सोडू देऊ नका आणि बेसबॉलही सोडवू नका. चार वर्षांच्या कॉलेजात दाखल झाला की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा २१ वर्षांचा होईपर्यंत ड्राफ्टमध्ये त्याचं नाव येणारच नाही. म्हणजे वडिलांना तीन वर्षांचं शिक्षण आपसूक मिळतं आणि मुलाला तीन वर्षांचा खेळ. कॉलेज निवडताना संघाचं नाव नंतर बघा, आधी तिथे किती कॅचर आहेत आणि ते कोणत्या वर्षाला आहेत ते विचारा. विषय कोणताही घेऊ दे, सोबत स्पॅनिश घ्यायला लावा.

आणि येत्या हंगामात एक करा. ज्या दिवशी तो बाकावर असेल त्या दिवशी सामन्याला जा. वडिलांनाही न्या, बोलत नसले तरी. सामना बघू नका, त्याच्याकडे बघा. तो मोबाइल चाळतो, की पिचर परत आल्यावर उठून त्याच्या शेजारी जाऊन बसतो? काय दिसलं ते मला लिहा, मग ड्राफ्टचं बोलू.