वाचकांचे प्रश्न : एका माणसाचे गाव

प्रश्न : जनगणनेत ज्याची लोकसंख्या केवळ एक भरली, असे गाव खरोखरच आहे का?

उत्तर : होय. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील बॉइड काउंटीत, नायोब्रारा आणि मिझुरी या दोन नद्यांच्या दरम्यान मोनोवाय हे गाव असून त्याचे क्षेत्रफळ जेमतेम ०.५४ चौरस किलोमीटर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लोहमार्गाच्या आधाराने वसलेल्या या गावात १९३० साली १२३ माणसे होती. पुढे शेती यंत्रांवर गेली, तरुण पिढी कामधंद्यासाठी शहरांकडे वळली, आणि २००० साली तेथे एक दांपत्यच उरले. पतीच्या निधनानंतर, २०१० च्या गणनेत पत्नी एकट्याच होत्या. महापौर त्याच आणि कारकूनही त्याच असल्याने, मद्यविक्रीच्या परवान्यासाठी त्यांना स्वतःकडेच अर्ज करावा लागे!

२०२० च्या गणनेत मात्र लोकसंख्या दोन दिसते. नवे कोणी राहायला आलेले नव्हते. व्यक्तींची गोपनीयता राखण्यासाठी जनगणना विभाग प्रसिद्ध करावयाच्या आकड्यांत हेतुपुरस्सर किंचित फेरफार करतो, आणि इतक्या लहान वस्तीत तो लगेच डोळ्यांत भरतो.