एक्सेलमध्ये एकाच चार्टवर लाखांतली विक्री आणि शेकड्यांतल्या ऑर्डर कशा दाखवाव्यात?

ऑर्डरच्या मालिकेला दुसरा उभा अक्ष द्या, म्हणजे तळाला चिकटलेली रेघ वर येईल. अक्ष एकच असला की एक्सेल तो सर्वांत मोठ्या आकड्यावरून आखतं. ५,००,००० च्या शेजारी १२० शून्यावरच दिसणार. चार्टवर राइट-क्लिक करून ‘चेंज चार्ट टाइप’मध्ये ‘कॉम्बो’ निवडा आणि ऑर्डरपुढे ‘सेकंडरी अ‍ॅक्सिस’वर टिक करा. (माउसने पकडता न येणारी रेघ इथे नावाने सापडते.) प्रकार ‘लाइन’च ठेवा, दोन्हीकडे स्तंभ ठेवले तर ते एकमेकांवर चढतात आणि मागचे झाकले जातात. मात्र विक्री आणि ऑर्डर जिथे एकमेकांना छेदताना दिसतील, त्या जागेला काही अर्थ नसतो. अक्षाची कमाल मर्यादा बदलली की ती सरकते. वाढीचीच तुलना हवी असेल तर दुसरा अक्ष नकोच: प्रत्येक आकडा आपापल्या मालिकेतल्या पहिल्या आकड्याने भागून १०० ने गुणा.