तारा जन्मण्याआधीचा आंतरतारकीय मेघ इतका थंड असतो, तर त्यात रसायने कशी तयार होतात?

नेमक्या याच प्रश्नावरून माझा एका परीक्षकांशी भर प्रदर्शनात वाद झाला होता, आणि त्यांचे म्हणणे चूक होते हे मी आजही ठामपणे सांगतो.

मी फोंडा तालुक्यात उच्च माध्यमिक वर्गांना रसायनशास्त्र शिकवीत असे. माझ्या एका विद्यार्थिनीने विज्ञान प्रदर्शनासाठी भुजंगधारी तारकासमूहातील बर्नार्ड 68 या काळ्या मेघावर तक्ता केला. हा तारकासमूह मध्यरात्री दक्षिणेला उंच येतो तेव्हा गोव्यात मृगाचा पाऊस सुरू असतो, त्यामुळे तिने सारे काम प्रसिद्ध मापनांवरूनच केले होते. जुआंव आल्व्हेस व सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मेघामागच्या ताऱ्यांचा अवरक्त प्रकाश किती अडतो हे मोजून, कडेपासून केंद्रापर्यंत घनता कशी वाढते ते दाखवले होते. केंद्राशी दर घनसेंटिमीटरला काही लाख रेणू असतात, म्हणजे आपल्या हवेच्या जवळजवळ कोटी कोटी पटींनी विरळ, आणि तापमान सुमारे 10 केल्व्हिन, म्हणजे उणे 263 अंश सेल्सिअस. तेथे कार्बन मोनॉक्साइड धुळीच्या कणांवर गोठून वायुरूपातून नाहीसा होतो, हेही तिने आलेखाने दाखवले होते. परीक्षकांनी अऱ्हेनिअसच्या, म्हणजे अभिक्रियेचा वेग तापमानावर कसा अवलंबून असतो हे सांगणाऱ्या समीकरणाचा दाखला देऊन "उष्णता नाही तर अभिक्रिया नाही" असे सांगितले आणि तक्ता बाद केला. मुलीचे म्हणणे त्यांनी ऐकूनही घेतले नाही, याचा मला अधिक राग आला.

त्याच समीकरणात सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया सुरू होण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा, शून्य धरली, तर तापमानाचा अडसर उरतच नाही. आयन (विद्युतभार असलेले अणू किंवा रेणू) आणि रेणू यांच्यातील पुष्कळ अभिक्रिया अशाच असतात. ताऱ्यांचा प्रकाश मेघाच्या आत पोहोचत नाही, परंतु विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे अतिवेगवान कण, पोहोचतात. ते हायड्रोजनच्या रेणूचे आयनीभवन करतात, तो आयन दुसऱ्या रेणूशी भिडून तीन अणूंचा हायड्रोजन आयन बनतो, आणि हा आयन भेटेल त्याला प्रोटॉन देत पुढची साखळी चालवतो. गेबेल आणि ओका यांना तो 1996 मध्ये आंतरतारकीय मेघांत प्रत्यक्ष सापडला. ड्यूटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या, बाबतीत तर थंडीच कामाला येते: तो या आयनात शिरताना ऊर्जा बाहेर पडते आणि उलट अभिक्रियेला लागणारी ऊर्जा 10 केल्व्हिनला मिळत नाही, म्हणून तो तेथे साठत जातो.

तेव्हा कोणी आपल्याला तोच दाखला दिला, तर सक्रियण ऊर्जा किती धरली, हे आधी विचारावे. ज्यांना हे विचारलेले खपत नाही, त्यांनी मुलांचे तक्ते तपासू नयेत.

मात्र सगळे आयनांवर ढकलता येत नाही. हायड्रोजनचे रेणू मुख्यतः धुळीच्या कणांवरच बनतात. पाण्याचे बर्फ आणि मिथेनॉलही तेथेच, हायड्रोजनचे अणू एकेक करून जोडले जात तयार होतात. शिवाय बर्नार्ड 68 हा लहान, एकाकी मेघ आहे. रेणूंचे वैविध्य पाहायचे असेल, तर वृषभ राशीतील मेघांविषयी वाचावे. तेथील अशाच थंड मेघात बेंझिनचे कडे असलेला बेंझोनायट्राइल सापडल्याचे 2018 मध्ये जाहीर झाले.