दोन वर्षं उभी असलेली कॅम्पर व्हॅन स्टार्ट होत नाही, तरी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१४ ची फोर्स ट्रॅव्हलर, मागे पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून कॅम्पर व्हॅन केलेली. साताऱ्याजवळ दोन वर्षं एकाच जागी उभी आहे. मालक म्हणतो, ‘फक्त बॅटरी उतरलीये’, आणि चालू गाडीच्या निम्म्या किमतीला द्यायला तयार आहे. घ्यावी का, आणि बघायला जाताना काय तपासावं?

बॅटरी उतरलीये हे मालकाचं म्हणणं खरंच असणार, पण त्यावरून गाडीबद्दल काहीच कळत नाही. धडधाकट गाडीसुद्धा उभ्या उभ्या ५० मिलिअ‍ॅम्पिअरपर्यंत करंट खाते. म्हणजे दिवसाला १.२ अ‍ॅम्पिअर-अवर. ८० अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी दोन-अडीच महिन्यांत झोपते. दोन वर्षांत ती उतरणारच. तेव्हा मालकाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: गाडी उभी का केली? शेवटचं गॅरेजचं बिल मागा. कामात किंवा घरच्या अडचणीत वेळ मिळाला नाही म्हणून उभी राहिलेली गाडी आणि घाटात गरम झाली म्हणून उभी केलेली गाडी बाहेरून सारख्याच दिसतात.

जाताना सोबत न्या: चार्ज केलेली मोठी १२ व्होल्ट बॅटरी (डिझेल गाडीची, कारची छोटी नको), जाड जंपर केबल, मल्टीमीटर, पाने आणि लांब दांड्याचं सॉकेट, पाच लिटर ताजं डिझेल कॅनमध्ये, थोडा रबरी पाइप, एक पारदर्शक बाटली, टॉर्च. आणि डिझेलचं काम करणारा मेकॅनिक. अर्धा दिवस लागेल. मालक एवढा वेळ द्यायला तयार नसेल तर इंजिन गेलंय असं धरूनच किंमत बोला.

गेल्या गेल्या सेल्फ मारू नका. आधी गाडी न्यूट्रलला टाका, ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पट्टीवर पातळी खुणेच्या वर आणि डिझेलचा वास असेल तर इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, यालाच नोझल म्हणतात) किंवा पंपातून डिझेल खाली उतरतंय. मग क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन हाताने, चालतं त्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवा. कॉम्प्रेशनमुळे जड लागेल, पण दाब देत राहिलं की सरकतं. एका जागी ठाम अडलं तर जोर करू नका: एकतर बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंज धरून इंजिन जाम आहे किंवा एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी साठलंय. अशा वेळी सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि दुरुस्त होण्यासारखं इंजिन भंगारात जातं. हीटर प्लग (थंड इंजिन पेटावं म्हणून सिलिंडर आतून तापवणारे प्लग) काढून पुन्हा फिरवा. प्लगच्या भोकातून पाणी बाहेर आलं तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा, असं समजा.

इंजिन हाताने फिरलं की बॅटरी लावा. पण त्याआधी जुन्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खरवडून काढा आणि चेसिसला, इंजिनाला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या बघा. कोकणात किंवा पाचगणी-महाबळेश्वरच्या पावसात उभ्या राहिलेल्या गाडीत ही अर्थिंगची पट्टी बाहेरून अख्खी आणि आतून पिठासारखी झालेली असते. आता चावी फिरवा आणि कान द्या.

काहीच आवाज नाही, डॅशबोर्डचे दिवेही नाहीत: मेन फ्यूज, अर्थिंग किंवा उंदरांनी कुरतडलेली वायरिंग. दिवे लागतात, एकदाच ‘टक’ असा आवाज येतो आणि पुढे शांत: सेल्फचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) किंवा कार्बन ब्रश, नाहीतर केबल. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर केबल खराब. मायनस आणि इंजिनाच्या बॉडीमध्ये पाव व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब. दोन्ही ठीक असतील तर सेल्फ उतरवायचा. ‘टकटकटकटक’ असा पटापट आवाज आला तर करंट कमी पडतोय. निवांत असताना बॅटरी १२.६ व्होल्ट भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली पडली तर बॅटरी कमजोर किंवा इंजिन फार जड. इथपर्यंतचे सगळे दोष स्वस्तातले आहेत, यातला एखादा सापडला तर गाडी सोडू नका.

खरी परीक्षा सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही तेव्हा असते. मागे कुणाला तरी सायलेन्सरजवळ उभं करा. सेल्फ एका वेळी १०–१५ सेकंदच मारा, मग मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ जळेल. धूर अजिबात येत नसेल तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही: हीटर प्लग गेलेत किंवा कॉम्प्रेशन कमी आहे. धूर बघणं सोपं आहे, म्हणून ही एक गोष्ट कधीच चुकवू नका.

धूर नसेल तर डिझेल फिल्टरचा खालचा ड्रेन उघडून आतलं पारदर्शक बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. खाली पाण्याचा स्वच्छ थर, मध्ये काळपट शेवाळासारखं काहीतरी लोंबतंय, वर गडद तपकिरी डिझेल, असं दिसलं तर ती टाकी गेली दोन वर्षं कुजतेय. अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतला ओलावा बसतो, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात. त्या टाकीतल्या डिझेलवर इंजिन चालू करायचा प्रयत्न करू नका. पंपाला येणारा आणि परत जाणारा, दोन्ही पाइप सोडवून तुमच्या कॅनमध्ये घाला, फिल्टर नवा बसवा, आणि मग एअर, म्हणजे पाइपात अडकलेली हवा, काढा.

इथे इंजिन कोणतं आहे ते कळायला हवं. पंपातून चार बारीक स्टीलचे पाइप थेट चार नोझलला जात असतील तर मेकॅनिकल पंप. एक पाइप आडव्या नळीला आणि तिथून चार पाइप इंजेक्टरला, प्रत्येक इंजेक्टरवर वायरचं सॉकेट, असं असेल तर कॉमन रेल.

मेकॅनिकल पंप असेल तर फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर (डिझेल ओढायचा छोटा हातपंप) मारत राहा. फेस थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. मग दोन नोझलचे नट अर्धा-एक आटा सैल करून सेल्फ मारा. डिझेल थुंकायला लागलं की आवळा. काही पंपांवर १२ व्होल्टचा स्टॉप सोलेनॉइड असतो. चावी ऑन केल्यावर तो ‘टिक’ झाला नाही तर डिझेल आत जाणारच नाही. बिचारा छोटा भाग, पण याच्यापायी अख्खा पंप उतरवला जातो.

कॉमन रेल असेल तर जाड पाइपचे नट सैल करू नका. चालू इंजिनात तिथला दाब १००० बारच्या वर जाऊ शकतो, आणि त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं. तिथे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे दाखवणारं यंत्र) लावून सेल्फ मारताना रेलचा दाब बघायचा. साधारण २००–३०० बारच्या खाली राहिला तर इंजिन उठत नाही. दाब बनत नसेल तर प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला पाइप लावून चार छोट्या बाटल्या लावा. जी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरते, तो इंजेक्टर गळतोय. दाब ठीक आहे पण इंजिनाचे फेरे स्कॅनरवर शून्यच दिसतात, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. कॉमन रेलमध्ये पंप आणि चारही इंजेक्टर गेले असतील तर खर्च इतका वाढतो की निम्म्या किमतीची गाडीही महाग पडते. स्कॅनर न लावता कॉमन रेलचा सौदा करू नका, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे.

पांढरा धूर येत असेल तर हीटर प्लग एकेक करून मीटरवर मोजा. चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत येतो, ओपन दाखवला तर गेला. प्लग ठीक असूनही पेटत नसेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. चारही सिलिंडर एकमेकांच्या १०–१५ टक्क्यांत असायला हवेत. आणि कुणी स्टार्टिंग स्प्रे काढला तर त्याला थांबवा. हीटर प्लगच्या इंजिनात त्या स्प्रेतला ईथर तापलेल्या प्लगवर वेळेआधीच पेटतो, पिस्टन फुटतो.

समजा उठली. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा, नाहीतर लगेच बंद करा. अर्धा तास चालू ठेवा. ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. धुराचे फुगारे जोरात बाहेर येत असतील तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. क्लच दाबून गिअर पडत नसेल तर क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलीये, हे उभ्या गाडीत नेहमीचंच. टायरवर चार आकडी तारीख असते: २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. सात वर्षांपुढच्या टायरची नक्षी खोल दिसली तरी ते बदलायचे म्हणून मोजा.

आता घराचा भाग. माझ्या मते जुन्या कॅम्परमध्ये इंजिनापेक्षा ओल जास्त गाड्या खाते. छताच्या पंख्याभोवती, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यात आणि पलंगाखाली प्लायवर अंगठा दाबा. कोरडा प्लाय दगडासारखा लागतो. आत दबला, किंवा पापुद्रे सुटून बोटाला काळं लागलं, तर मागचा पत्रा आणि लोखंडी चौकटही गंजली आहे. हे इंजिनासारखं दोन दिवसांत बदलता येत नाही, अख्खं फर्निचर उखडावं लागतं. घरातल्या पंखा-दिव्यांची बॅटरी दोन वर्षं रिकामी असेल तर ती गेलीच. वायरिंग बघताना फ्रिज किंवा इन्व्हर्टरची वायर थेट इंजिनाच्या बॅटरीवर आणलीये का ते शोधा. तसं असेल तर नवी बॅटरीही आठवड्यात उतरेल. दोन बॅटऱ्यांमध्ये आयसोलेटर (एकीचा करंट दुसरीकडे जाऊ न देणारा भाग) हवाच. गॅसचा पाइप आणि रेग्युलेटर नवा टाका, जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

कागद बघताना आरसीवर गाडीचा वर्ग काय लिहिलाय ते आधी वाचा. मोटर कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन लिहिलं असेल तर उत्तम. बस किंवा प्रवासी वाहन लिहिलंय आणि आत पलंग-ओटा आहे, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे तो विनापरवाना बदल ठरतो. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि त्यात न बसणारी गाडी पासिंगला अडते. परिवहन वर्गातली गाडी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंगला न्यावी लागते. तिचा टॅक्स भरलाय का, हे विसरू नका. ‘गाडी वापरात नाही’ असं आरटीओला आधी लेखी कळवलेलं नसेल तर उभ्या गाडीवरही टॅक्स चढत राहतो, दंडासकट. चेसिस नंबर स्वतः घासून आरसीशी जुळवा. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, मालकी बदलाला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. थकलेले ई-चलान मालकाकडून भरून घ्या.

किंमत अशी काढा: तशाच चालू कॅम्परची बाजारातली किंमत, वजा तुम्ही सिद्ध करू शकला नाही असा प्रत्येक दोष पूर्ण दुरुस्तीच्या दराने. इंजिन उठलं नाही आणि कारणही सापडलं नाही, तर इंजिन ओव्हरहॉलचं कोटेशन पूर्ण वजा करा. मालकाला पटत नसेल तर त्याला सांगा, तुम्ही चालू करून दाखवा, मी चालू गाडीची किंमत देतो. हे न्याय्य आहे आणि बहुतेक वेळा यावरच सौदा जुळतो किंवा मोडतो. वर्ग चुकीचा असेल आणि प्लाय ओला असेल, तर इंजिन उत्तम असलं तरी मी म्हणेन सोडून द्या.

घेतलीत तर विमा आणि पासिंग नसताना चालवत आणू नका. दोरीने ओढूनही नको. इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग काम करत नाहीत, आणि घाटात हे जिवावर बेतेल. लांब फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक) सांगा, कारचा पुरणार नाही, आणि वाटेतल्या वायरी-कमानींची उंची आधी विचारून घ्या. मागची चाकं जमिनीवर ठेवूनच न्यायची वेळ आली तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडवून बांधून टाका, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये ऑइल वर चढत नाही आणि आतले बेअरिंग जळू शकतात.