दोन लहान मुलांसोबत प्रवास: सामान कमी कसं ठेवायचं?

दीड आणि तीन वर्षांची मुलं, पाच दिवसांचा प्रवास आणि बॅगा दोनच, असं तुम्ही विचारलंय. जमतं.

सगळ्यात जास्त जागा डायपर खातात. एका मुलाला दिवसाला साधारण 5 ते 6 लागतात. पाच दिवसांचे सगळे भरू नका. प्रवासाचा दिवस आणि पहिली रात्र भागेल एवढे घ्या, वर 3 जादा. बाकीचे पोचल्यावर विकत घ्या. मात्र मुलाच्या त्वचेला एकच ब्रँड मानवत असेल तर सगळे घरूनच न्या, तिथे काटकसर नको.

कपडे प्रत्येकी तीन दिवसांचे, रात्री धुवून टाकायचे. जाड सुती कपडे रात्रीत वाळत नाहीत, पातळच न्या. दोघांचा एकेक जोड हाताशी ठेवा आणि स्वतःसाठीही एक टी-शर्ट. मूल उलटी करतं ते बहुतेक वेळा आपल्याच अंगावर, आणि तेव्हा मोठी बॅग हाताशी नसते.

खेळणी दोन-तीन पुरेत. पण ज्या पांघरुणाशिवाय झोप येत नाही ते कितीही जागा खाऊ दे, न्याच. मी एकदा ते मागे ठेवलं आणि लेक दोन रात्री रडत जागली. अजून वाईट वाटतं.

थर्मामीटर, ओआरएस आणि तापाचं औषध हातातल्या बॅगेत ठेवा. तापाच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पाळणा आणि उंच खुर्ची मुक्कामाच्या ठिकाणी मिळेल का, हे फोन करून विचारा.