गाडीच्या हीटरच्या नळीतला एक प्लास्टिकचा टी (तीन नळ्या जोडणारा T आकाराचा जोड) तुटला. तेवढाच बदलू, की कूलंटचे (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचे) सगळेच जोड?

सगळे बदला. एवढंच उत्तर हवं असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की गाडी एकोणीस वर्षांची आहे, इंजिनामागच्या हीटरच्या नळीतला टी नुसती नळी हलवताना हातात आला, मूळ बनावटीचा मिळत नाही, पितळी मिळतोय. आणि तुमचे मिस्त्री म्हणतात, 'तुटलंय तेवढं बदला, चालतंय त्याला हात लावू नका.' हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. शब्दही न बदलता हेच वाक्य मी थोरल्या भावाच्या तोंडून अकरा वर्षं ऐकतोय.

गाडी वडिलांनी घेतलेली, नंतर दादाकडे आली. पेट्रोल, तेव्हा सोळा वर्षांची. एका रविवारी एअर फिल्टर काढताना त्याला मागच्या टीभोवती हिरवट पांढरी खपली दिसली. कूलंट झिरपून वाळलं की अशी खपली धरते, तुम्हालाही दिसली असणार. त्याने क्लिप सैल करायला पक्कड लावली आणि टीचं एक टोक खडूसारखं मोडून नळीतच राहिलं. त्याच दिवशी त्याने नवा टी आणला. उजेडासाठी हातात बॅटरी धरून मी शेजारी उभा. टीपासून वीतभर अंतरावर एक एल्बो, म्हणजे कोपरासारखा वाकलेला जोड, होता. तोही त्याच वयाचा, त्याच नळीवरचा, काळ्याचा तपकिरी झालेला. नखाने खरवडला तर पूड निघाली. मी म्हटलं, "दादा, हाही काढ ना. कूलंट सांडलंच आहे, नळ्या सुट्याच आहेत."

"गळतोय का तो?"

"नाही."

"मग हात लावू नकोस."

धाकट्याने यापुढे बोलायचं नसतं. मी बॅटरी धरून राहिलो.

हे जोड बहुतेक पॉलिअमाइडचे असतात, म्हणजे नायलॉनच, त्यात मजबुतीसाठी काचेचे तंतू मिसळलेले. नवा असताना पाना आपटला तरी काही होत नाही. पण कूलंटमधलं गरम पाणी आणि ग्लायकॉल मिळून नायलॉनच्या लांब साखळ्या हळूहळू तोडत जातात, आणि तापमान जितकं जास्त तितकं हे काम लवकर होतं. इंजिनातून थेट हीटरकडे जाणारी नळी थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडायची वाट बघत नाही. इंजिन सुरू असेल तितका वेळ तिच्यातून गरम कूलंट फिरत असतं. त्यात ती इंजिनाच्या मागे, जिथे वारा लागत नाही. म्हणजे तिथले सगळे जोड एकाच कढत पाण्यात, एकाच दाबाखाली, तितकीच वर्षं शिजलेले असतात. त्यातला एक हातात तुटतो तेव्हा बाकीच्यांबद्दल तुम्हाला आणखी कसली खात्री हवी आहे?

आणि 'थोडंसं झिरपतंय, चालेल' हेही खरं नाही. अर्धं पाणी अर्धं ग्लायकॉल असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण १ बारच्या आसपास दाब धरून ठेवतं म्हणून ते १२५ अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. बारीक चीर पडली की आधी दाब जातो, कूलंट नंतर. घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये, जिथे त्या दाबाची गरज असते, नेमकं तिथेच ते उकळायला लागतं.

तर तो एल्बो. पुढे दीडेक महिन्यात फुटला. पावसाची रात्र होती आणि गाडी वहिनी चालवत होती, एकटी. समोरच्या काचेवर वाफ धरत होती म्हणून तिने हीटर लावलेला. अर्धा तास गरम हवा आली, मग एकदम गार. तिने गाडी बाजूला घेतली आणि दादाला फोन केला. मी तेव्हा दादासमोरच बसलेलो, त्यामुळे हे ऐकीव नाही.

"अहो, हीटरमधून गार हवा येतेय. आत्तापर्यंत नीट होतं."

"तापमानाचा काटा कुठाय?"

"खाली. अगदी तळाला."

"मग इंजिन गारच आहे. थर्मोस्टॅट उघडा राहिला असेल. ये चालवत."

आता यात गंमत अशी की दादाचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर काटा खाली राहतो आणि हीटरही धड तापत नाही. पण तो प्रकार सुरुवातीपासून असतो, हवा कोमट असते, काटा रेंगाळत राहतो. अर्धा तास कढत हवा येऊन क्षणात गार पडली तर त्याचा बहुधा एकच अर्थ: हीटरपर्यंत कूलंट पोचतच नाहीये. हीटर बहुतेक गाड्यांत वरच्या पातळीला असतो, त्यामुळे कूलंट कमी झालं की पहिला कोरडा तोच पडतो. आणि काटा खाली का? तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट खाली गेलं आणि तो वाफेत किंवा हवेत उघडा पडला की वाचन घसरतं. इंजिन आत भाजत असतं आणि काटा 'सगळं ठीक' म्हणत तळाशी बसलेला असतो.

वहिनीने 'आत्तापर्यंत नीट होतं' हे सांगितलं होतं. गाडीने जे सांगायचं ते तिच्या तोंडून सांगून झालं होतं. ती आणखी आठ-नऊ किलोमीटर आली, मग ओढ कमी झाली, इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. हेड, म्हणजे इंजिनाचा सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग, वाकलं होतं. पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायचं पातळ पातं) घातला तर पातं सरळ आत. हेडखालचं गास्केट (सील) दोन सिलिंडरांच्या मध्ये उडालेलं, ऑइलमध्ये पाणी. हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, गेलं, सगळं उघडलं गेलं. त्या एका एल्बोपायी.

आणि दादाचा निकाल? "हिला काटा बघायची सवय नाही." अकरा वर्षं घरात प्रत्येक समारंभाला हाच निकाल वाचून दाखवला जातो. अहो, काटा तिनेच वाचून दाखवला होता!

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं: नवे जोड बसवाल तेव्हा बसवा, पण गाडी जे कोणी चालवतात त्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा की हीटर अचानक गार पडला तर काटा काहीही दाखवो, गाडी थांबवून इंजिन बंद करायचं. आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. गरम इंजिनाचं झाकण उघडून चेहरा भाजून घेणाऱ्यांत अनुभवी लोकही असतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. पितळी टी चालतो. 'पितळ आणि ॲल्युमिनियम एकत्र आलं की गंज चढतो' हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. तत्त्व खरं आहे. पण ॲल्युमिनियमचं हेड आणि तांब्यापितळेचा रेडिएटर अशी जोडी जुन्या गाड्यांत वर्षानुवर्षं चाललेली आहे. तिथे गंज थोपवतं ते कूलंटमधलं गंजरोधक. ते संपलेलं असेल, किंवा डब्यात नुसतं नळाचं पाणी असेल, तर पितळ नसतानाही गंज चढेलच. डिस्टिल्ड पाणी, योग्य कूलंट, वेळेवर बदल. आधीचं कोणतं घातलंय हे माहीत नसेल तर त्यातच नवं ओतू नका, पूर्ण काढून धुऊन भरा. रंगावर विश्वास ठेवू नका, रंग कंपनीगणिक बदलतो.

पितळी टी घेताना टोक बघा. हवेच्या किंवा इंधनाच्या नळीसाठी असतात तसे धारदार दाते असलेले घेऊ नका, ते रबर आतून कापतात. एकच गोलसर उंचवटा हवा. माप तुटलेल्या टीवरून व्हर्नियरने घ्या, उंचवटा सोडून. नळीचं माप आतल्या व्यासाचं सांगतात. आणि पितळ जड असतं, तेव्हा दोन नळ्यांच्या मध्ये त्याला लोंबकळत ठेवू नका, कशाला तरी बांधा. नाहीतर त्याचा हिसका शेवटी हीटर कोअरच्या (हीटरच्या आतल्या छोट्या रेडिएटरच्या) टोकाला बसतो.

नळ्याही नव्याच घ्या. रबरी नळी बाहेरून काळी कुळकुळीत दिसली तरी आतून चिरते, आणि बहुतेक वेळा टोकाजवळ, क्लिपपासून दोन बोटांवर. इंजिन गार असताना तिथे चिमटीत दाबून बघा आणि मग मधोमध दाबा. टोकाजवळ जास्त पिचपिचीत लागली किंवा आत करकर जाणवली तर गेली.

क्लिपबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. प्लास्टिकच्या टोकावर स्प्रिंगची क्लिपच लावा. रबर आणि प्लास्टिक तापून फुगतात, गार होऊन आकसतात, स्प्रिंग त्यांच्यामागे जाते. स्क्रूची क्लिप जात नाही. मग गार इंजिनाला थेंब गळतो, माणूस स्क्रू अजून आवळतो, आणि एक दिवस आतलं टोकच चिरतं. पितळावर स्क्रूची चालेल, पण रबर क्लिपच्या खाचांतून वर डोकवायला लागलं की हात आवरा. क्लिप उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, त्याच्यावर नाही. आणि नळीच्या आत सिलिकॉनचा सीलंट फासणाऱ्या मिस्त्र्याकडे पुन्हा जाऊ नका. त्याचे तुकडे सुटून हीटर कोअरमध्ये जाऊन बसतात. ओ-रिंगवाले (रबरी कडीवाले) खटकन बसणारे जोड असतील तर ओ-रिंगला साधं ग्रीस किंवा ऑइल लावू नका, ते रबर फुगतं. कूलंटचाच थेंब लावा.

जुनी नळी काढायची कशी, ते मला चांगलं माहीत आहे, कारण मी एकदा चुकीची काढली आहे. हेडचं काम झाल्यावर 'राहिलेले सगळे जोड मी बदलतो' असं मी छाती पुढे काढून सांगितलं. सात होते. सहा नीट निघाले. सातवी नळी हीटर कोअरच्या टोकावर चिकटलेली होती. मी पकडीने धरून पिळली. ॲल्युमिनियमचं पातळ टोक नळीबरोबर पिळलं गेलं आणि मुळाशी चिरलं. हीटर कोअर डॅशबोर्डच्या मागे असतो. डॅशबोर्ड काढला, दोन दिवस गाडी सांगाडा होऊन उभी होती. दादा रोज संध्याकाळी येऊन बघून जायचा. काही बोलायचा नाही, नुसता बघायचा.

तर चिकटलेली नळी पिळू नका. ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्या, धातूवर रेघ न उमटवता, आणि साल काढावी तशी सोलून काढा. नळी तशीही फेकायचीच असते. मग टोक बारीक पॉलिश पेपरने घासून साफ करा.

यावरून तुमच्या मिस्त्र्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे हे मला मान्य करावं लागतं. जुन्या गाडीत हात घातला की हात न घातलेलं काहीतरी मोडतं. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीची टोकं, हवा काढायचा प्लास्टिकचा स्क्रू, ही त्याच वयाची मंडळी आहेत. स्क्रू तर तुटणारच आहे असं धरून नवा आणूनच ठेवा. रेडिएटरची खालची, परतीची गार नळी आणि तिचे जोड बरे दिसत असतील तर त्यांना सोडलंत तरी मी भांडणार नाही. हीटरच्या बाजूचं मात्र काहीही सोडू नका.

आणखी एक राहिलंच. काही मूळ टींमध्ये एका फाट्यात मुद्दाम बारीक भोक ठेवलेलं असतं, प्रवाह कमी करायला. तुटलेले तुकडे फेकण्याआधी आरपार बघा. तसं असेल तर सरळसोट पितळी टी घालून चालणार नाही.

भरून झालं की हवा काढणं आलंच, ते तुम्हाला येत असेल. गाडीचं तोंड उंचावर, हीटर पूर्ण गरमवर, आणि गार झाल्यावर पातळी पुन्हा बघणं. दाबाचा हातपंप कुठून मिळाला तर गार इंजिनाला झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका भरून पंधरा मिनिटं ठेवा, पंपाचा काटा उतरला नाही तरच गाडी बाहेर काढा. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते गोड लागतं आणि कुत्र्यामांजरांच्या जिवावर उठतं.

तो फुटलेला एल्बो माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याचा एक तुकडा मी मध्यंतरी दादाच्या हातात दिला, त्याने चिमटीत धरला आणि तो चुरला. "जुना होता," म्हणाला.

हे उत्तर तो वाचणार आहे, वहिनी पाठवेलच. वाचून पहिला प्रश्न येईल की हीटर कोअरचं लिहिलंस का. लिहिलंय दादा, वर बघ.